सांगून येणारं पाणी

आमच्या घरात गव्हाची कोठी पलंगावर होती आणि आम्ही नवरा-बायको खाली फरशीवर झोपायचो. पाहुणा आला की त्याला हे जरा विचित्र वाटायचं. मी सांगायचो, कंबरेला फरशी बरी असते. पाहुणा मान हलवायचा आणि मग त्याची नजर फ्रिजकडं जायची. फ्रिज विटांच्या चौथऱ्यावर उभा, इतका उंच की वरच्या कप्प्यातलं काही काढायचं तर मला टाचा उचलाव्या लागत. मग मी फ्रिजबद्दलही काहीतरी सांगायचो. सांगून सांगून कंबरेचं मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं.

खरी गोष्ट अशी, की काही पावसाळ्यांमागं कुरुंद्यात आमच्या गल्लीत नदीचं पाणी शिरलं. मी हायस्कूलात भूगोल शिकवतो. नदीचं तारुण्य, नदीची प्रौढावस्था, नदीचं म्हातारपण, हे सगळं निळ्या खडूनं फळ्यावर काढण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पण नदी जेव्हा आपणहून घरी आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. पायाला ओलं लागलं तर मला वाटलं, माठ पाझरतोय. मी बायकोला उठवून म्हणालो, माठ बदलावा लागेल. तिनं दिवा लावला तेव्हा आमच्या चपला मधल्या खोलीत तरंगत होत्या.

गल्लीतल्या पोरांनी दोर बांधून आम्हाला शाळेच्या वरच्या मजल्यावर नेलं. जीव वाचले, माणसं वाचली, बाकी जे जायचं ते गेलं. लोकांनी घरं धुतली, चिखल उपसला, हळूहळू गाव मार्गाला लागलं. आमची ही मात्र तिथंच राहिली. आभाळ जरा भरून आलं की ती जमिनीवरची वस्तू उचलून वर ठेवायला लागायची. वस्तू वर गेल्या त्या परत खाली आल्या नाहीत. रात्री पाऊस लागला की ती उंबऱ्यात बसून राहायची आणि तिला बसलेलं बघून मीही बसायचो. सकाळी वर्गात नद्यांचे उगम सांगता सांगता माझे डोळे मिटायचे. पोरं फार चांगली, आवाज करायची नाहीत.

शेवटी तिनं ठरवून टाकलं की पुढच्या पावसाळ्याच्या आत तालुक्याच्या गावी, वसमतला खोली करायची आणि गाव सोडायचं. माझे मोठे भाऊ शेजारच्याच घरात राहतात, शेती तेच बघतात. ते म्हणाले, "वसमतला काय पाऊस विचारून पडतोय व्हय?" घरात आल्यावर ही मला म्हणाली, "तुमी या न्हाईतर नका येऊ." हे ती रागानं म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती थकून म्हणाली. थकलेल्या माणसाची समजूत कशी काढायची हे मला येत नाही, कारण मी स्वतःच तसा आहे.

याच्यावर उपाय काढला तो आमच्या लेकीनं. ती पुण्यात नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा तिनं मोबाइलवर फोटो दाखवले. ऑफिसातली माणसं हवा भरलेल्या रबरी बोटीत बसून नदीतून चालली होती, सगळ्यांची तोंडं उघडी. त्याला राफ्टिंग म्हणतात. कोकणात कोलाडजवळ होतं. लेकीचं म्हणणं असं, की आईच्या मनातलं पाणी अजून रात्रीचंच आहे. तिला एकदा दिवसाउजेडी, तिच्या मर्जीनं पाण्यावर बसवायचं. अगदी हलकी सहल. अंगात जॅकेट, डोक्यात टोपी, सोबत शिकवलेला माणूस. पोहता नाही आलं तरी चालतं.

हिनं सगळं ऐकून घेतलं, फोटो पाहिले, आणि चकल्या तळता तळता विचारलं, "म्हणजे पैसे देऊन पुरात बसायचं?"

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण मोठ्या भावाला त्यात एकदम रस आला. भावजय म्हणाल्या, मला पोहता येत न्हाई पण बुडता चांगलं येतंय, मी येते. आणि मी, ज्याला विहिरीत वाकून बघताना सुद्धा कुणीतरी मागून सदरा धरावा लागतो, तो मी नेहमीच्या सवयीनं म्हणालो, नियोजन माझ्याकडं राहू द्या.

आमच्या घरातलं नियोजन म्हणजे मी फोन लावतो आणि बाकीचे बाजूला उभं राहून काय विचारायचं ते सांगतात. कोलाडच्या त्या माणसाचा आवाज तरुण होता आणि पहिले दोन-तीन दिवस तो उत्साही होता. पाणी किती खोल? खाली दगड आहेत का? मगर? बोट उलटली तर? उलटत नाही म्हणता, पण समजा उलटलीच तर? भावजयींना विचारायचं होतं की लुगडं नेसून चालतं का. भावाला विचारायचं होतं की तंबाखू कोरडी कुठं ठेवायची. मी वर आणखी त्याला नदीचा उतार विचारला. तो म्हणाला, "सर, तुम्ही एकदा येऊनच बघा." हे वाक्य तो पुढं पुढं पहिल्याच प्रश्नाला म्हणायला लागला.

ही मात्र काहीच विचारत नव्हती. येणार, नाही येणार, काहीच नाही. लेक रोज फोनवर मला विचारायची, आई काय म्हणतेय? मी म्हणायचो, भाजी निवडतेय.

तेव्हा भावानं सरावाची कल्पना काढली, आणि मी पाठिंबा दिला. आमच्याकडं हळद शिजवायची जुनी लोखंडी कढई गोठ्यामागं पालथी पडलेली असते. आता हळद कुकरच्या वाफेवर शिजते, त्यामुळं कढईला काम नाही. पण पूर्वी नदीला पाणी असलं की माणसं हिच्यातच बसून पलीकडं जायची, बाळंतीणसुद्धा नेलेली आहे. भावाचं म्हणणं असं, की ज्या घरात कढई आहे त्या घरानं रबरी बोटीला भ्यायचं काहून? शेततळं भरलेलं होतं. आपण दोघं भाऊ आधी बसून दाखवू, हिची भीती मोडेल. मी भूगोलाचा माणूस, तरीही मला हे पटलं.

आम्ही कढई गाड्यावर घालून शेततळ्यावर नेली. दोन्ही कानांना दोर बांधला. दोराचं दुसरं टोक कुणाच्या हातात द्यायचं, यावर चर्चा झाली नाही, कारण हिनं ते आधीच उचललं होतं. एका बाभळीला तिनं त्याचे वेढे दिले, उरलेला दोर दोन्ही हातात धरला आणि पाय रोवून उभी राहिली. शेततळ्याच्या प्लास्टिकवर शेवाळ धरलेलं होतं. एकदा माणूस आत घसरला की स्वतःहून वर येणं कठीण. हे तिला माहीत होतं आणि आम्हालाही माहीत होतं. फरक इतकाच की ती त्याचा विचार करत होती.

गोल भांडं पाण्यावर काय करतं हे मला कुणी आधी विचारलं असतं तर मी आकृती काढून सांगितलं असतं. भावानं हळद हलवायच्या लाकडी फावड्यानं एका बाजूला वल्हं मारलं आणि कढई जागच्या जागी फिरली. दुसऱ्या बाजूला मारलं तर उलटी फिरली. पुढं जायचं नावच नाही. एकदा ही समोर दिसायची, मग बाभळ, मग भावजय पदरात तोंड दाबून बसलेल्या, मग परत ही. मी तळाशी फतकल मारून दोन्ही हातांनी कड धरली होती आणि भावाला थांब म्हणत होतो. तो म्हणत होता, थांबूनच राहिलोय, हीच फिरून राहिली.

हिनं आम्हाला ओढून काठाला लावलं. आम्ही वर आलो तेव्हा आमच्या विजारींना मागून कढईच्या तळाचा गंज लागलेला, आणि भाऊ तशाही अवस्थेत सांगत होता की वारा नसता तर जमलं असतं. हिचे तळहात दोरानं लाल झाले होते. ती म्हणाली, "थांबलेल्या पाण्यात तुमची ही गत. वाहत्या पाण्यात मी कुणाकुणाला ओढू?"

भावजय तोवर हसत होत्या, त्या उठून तिचे तळहात बघायला लागल्या. इतके दिवस आम्ही सगळे तिची भीती मोडायला निघालो होतो. ती उंबऱ्यात बसायची तेव्हा तिच्या डोक्यात आम्ही असायचो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कढई तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी सहल रद्द करायला मी कोलाडला फोन लावला. मी विजार घासत होतो, हात साबणाचे, म्हणून फोन मोरीच्या कठड्यावर ठेवून आवाज मोठा केला. तो माणूस रद्द म्हटल्यावर दुःखी झाला नाही. म्हणाला, "बरंच झालं सर, तुम्ही घेतलेल्या तारखेला पाणी सोडतील का नाही, नक्की नाही. वर धरणावर काम आहे."

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. कठड्याजवळ उभी राहून फोनकडं बघत म्हणाली, "पाणी कोण सोडतंय?"

तो जरा गडबडला. मग म्हणाला, "काकू, धरणावरचे लोक. वीज तयार झाली की ते पाणी नदीत येतं. त्याच्यावरच आमची बोट चालते. एरवी नदीत दगडच असतात."

"रोज सोडतेत?"

"बहुतेक रोज. सकाळी. नसेल सोडायचं तर आम्हाला आधी कळतं."

"म्हणजे पाणी येणार हे तुमाला अगोदर माहीत ऱ्हातंय."

"हो काकू. नाहीतर धंदा कसा करणार?"

तिनं हात पदराला पुसले. ते कोरडेच होते. "अन् जातंय कवा?"

"वरून बंद केलं की दुपारपर्यंत उतरतं."

फोनवरचा माणूस हॅलो हॅलो करत होता. मग ती म्हणाली, "मला येणारं पाणी बघायचंय. बसायचं का न्हाई ते मंग सांगते. आमाला पाण्याच्या आधी नेऊन उभं करता का तिथं?"

इतक्या दिवसांत त्याला विचारलेल्या प्रश्नांतला हा पहिलाच असा होता की तो लगेच हो म्हणाला.

धरणावरचं काम संपल्यानंतरची तारीख त्यानं दिली. पुढचं सगळं प्रवासाचं. प्रवासाचं वर्णन माझ्या वयाच्या माणसानं करू नये, कारण ते गुडघ्यांचं वर्णन होतं. नांदेडहून ट्रॅव्हल्स, पुण्यात लेकीच्या खोलीवर पाच माणसांची एका मोरीपुढं रांग, आणि अंधार असतानाच ताम्हिणीचा घाट उतरणारी भाड्याची गाडी. भावानं खिडकी उघडली की भावजयींना गार लागायचं, बंद केली की त्याला मळमळायचं. ही पुढच्या सीटवर बसली होती. मधूनच ड्रायव्हरला विचारायची, धरण आलं का.

नदी पाहिली आणि माझी निराशा झाली. मोठमोठे गोटे, मधून चार-दोन ठिकाणी डबकी, एका बाजूनं एक बारीक धार. काठावर झाडी दाट. दगडांवर बगळे. रबरी बोटी काठाला कोरड्या जमिनीवर पालथ्या घातलेल्या, आणि पोरं त्यांच्यावर बसून चहा पीत होती. फोनवरचा तो तरुण आला. मला बघून म्हणाला, "उताराचे सर तुम्हीच का?" मी हो म्हणालो.

ही त्या दगडांकडं बघत उभी राहिली. तिनं एक लांबट दगड धरून ठेवला होता नजरेनं, वर बगळ्यांची पांढरी शीट पडलेला. मला बोटानं दाखवला. म्हणाली, "तो बघत ऱ्हा."

मला वाटलं होतं पाणी आवाज करत येईल, भिंतीसारखं. तसं काही झालं नाही. आधी बगळे उडाले. मग ती बारीक धार जरा रुंद झाली, एवढंच. एक डबकं दुसऱ्याला मिळालं. दगडांचे खालचे भाग ओले दिसायला लागले. बोलत बोलत लक्ष दुसरीकडं गेलं आणि परत पाहिलं तर मघाचा एक गोटा नव्हताच. लांबट दगडाच्या पायथ्याशी पाणी आलं, कंबरेला आलं, मग नुसती पांढरी शीट दिसत राहिली आणि तीही गेली. आता नदीला आवाज होता.

लेकीनं आईचा हात धरला होता. ही म्हणाली, "आपल्या घरात असंच आलं असंल. गुपचूप." मग त्या तरुणाकडं वळून म्हणाली, "द्या ते जॅकेट."

बोटीतलं फार काही सांगण्यासारखं नाही, कारण बराच वेळ माझे डोळे मिटलेले होते. हे भावानं नंतर गावभर सांगितलं. तो स्वतः मागच्या माणसानं पुढं म्हटलं की मागं वल्हं मारत होता, त्याला कढईची सवय. भावजय पहिल्या लाटेला देवाचं नाव घेऊन ओरडल्या आणि नंतरच्या प्रत्येक लाटेला हसल्या. ही मधे बसली होती, एका हातानं दोर धरून, दुसऱ्या हातानं माझ्या जॅकेटचा पट्टा धरून. पट्टा तिनं काठाला लागेपर्यंत सोडला नाही. तिच्या तोंडावर पाणी उडालं तेव्हा तिनं ते पुसलं, आणि पुढं बघत राहिली. खालच्या अंगाला नदी संथ झाली तिथं लेकीनं विचारलं, "आई, कसं वाटतंय?" ती म्हणाली, "बसलेय ना." लेकीला आणखी काहीतरी हवं होतं. मलाही हवं होतं.

वर आलो, कपडे बदलले, जेवलो. गाडी तयार होती. पुण्याला परत पोचून रात्रीची ट्रॅव्हल्स धरायची होती. भाऊ गाडीत बसून घोरायला लागला होता. ही कुठं दिसेना. लेक म्हणाली, काठावर असेल.

ही काठावरच सापडली, आणि सकाळच्याच जागी जायचं म्हणत होती. ते मागं बरंच लांब होतं. ड्रायव्हर वैतागला, पण वाट तीच होती म्हणून त्यानं नेलं. ती उतरून काठावर जाऊन बसली. मी मागोमाग गेलो. म्हणालो, झालं की आता, बसलीस, भ्यायली नाहीस, सगळ्यांनी पाहिलं, चल. माझे गुडघे, खांदे, मान, सगळं दुखत होतं आणि पायांत अजून ओले बूट होते.

"उतरू द्या," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी. तवा येताना दिसलं न्हाई अन् जाताना बी दिसलं न्हाई. शाळेतून खाली आलो तर नुसता गाळ. कुठून आलं, कुठं गेलं, मला काईच माहीत न्हाई." मग म्हणाली, "तुमी जा गाडीत. पडा जरा."

मी गेलो नाही. शौर्य म्हणून नव्हे. परत चढ चढायची ताकद नव्हती. तिच्या शेजारी टेकलो. वरून पाणी बंद झालं होतं म्हणे, पण नदी पाहून तसं वाटत नव्हतं. ती आपली वाहत होती. भावजय दोनदा येऊन बघून गेल्या. दुसऱ्यांदा येताना त्यांनी पिशवीतून चिवडा आणला आणि आमच्या मधे ठेवून गेल्या. पाण्याचं उतरणं हे येण्याहूनही हळू असतं. त्यात बघण्यासारखं काही नसतं. ओली रेघ आणि कोरडी रेघ, त्यांच्यातलं अंतर, बस. मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा माझं डोकं तिच्या खांद्यावर होतं आणि बगळे परत आले होते. लांबट दगड पूर्ण बाहेर होता, त्याच्यावरची शीट धुऊन गेली होती.

ती उठली. लुगड्याची वाळू झटकली. मला हात देऊन उठवलं, कारण मला एकट्याला उठता येईना.

गाडीत बसलो तेव्हा सगळे फार कंटाळलेले होते. लेक खिडकीला डोकं टेकून बसली होती. ट्रॅव्हल्स चुकणार हे दिसत होतं. घाट लागल्यावर भाऊ जागा झाला. मनात आलेला प्रश्न त्याला पोटात धरून ठेवता येत नाही. म्हणाला, "काय बाई, मग वसमतच्या खोलीचं काय करायचं? परवा एक बघून आलो हाव मी. वरच्या मजल्यावरची."

मला हे नवीन होतं. तो खोली बघायला गेला होता हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. गाडी एका वळणावर कलली, भावजय त्याच्या अंगावर आल्या, त्यानं त्यांना सरळ केलं आणि उत्तराची वाट बघत राहिला.

ही पुढंच बघत होती. तशीच म्हणाली, "येऊ द्या पावसाळा, दादा. मंग बघू."